आतल्या खोलीतला जपानी

नाना, तुमच्या नातीने काल मला एक प्रश्न विचारला आणि "नंतर सांगते" म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं. उगीच ओटा पुसत उभी राहिले. ती आता सोळा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. इथे कुवेतला शाळा बंद आहेत, कारण शेजारच्या इराकमध्ये पुन्हा लढाई सुरू झाली आहे. भोंगा वाजला की आम्ही आतल्या खोलीत जातो, दार लावतो, खालच्या फटीला ओला टॉवेल कोंबतो आणि खिडकीवर चिकटवलेल्या प्लास्टिककडे बघत बसतो. पुष्कळ लोक गावी निघून गेले. आम्हाला जाता येत नाही. हे, म्हणजे तुमचे जावई, रिफायनरीत आहेत आणि रिफायनरी बंद ठेवता येत नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहेत. त्या कोंडलेल्या खोलीत पोरगी शाळेचा इतिहासाचा प्रोजेक्ट करते. विषय असा, की लढाई संपवण्यासाठी जपानवर अणुबॉम्ब टाकायचा निर्णय बरोबर होता का. "आई, यू टेल मी. येस ऑर नो?" मी मराठीत बोलले तरी तिचं उत्तर इंग्रजीतच येतं. तिच्या दृष्टीने हा पुस्तकातला एक प्रश्न आहे. आपल्या घरात त्याचं काय काय झालं ते तिला मी कधी सांगितलेलं नव्हतं.

तुमचं उत्तर मला सातवीत असताना मिळालं. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि बाईंनी मला हिरोशिमावरचं भाषण लिहून दिलं होतं. पडवीत उभी राहून, हातवारे करून मी ते म्हणत होते. तुम्ही सुपारी कातरत बसला होतात. निष्पाप बालकांच्या किंकाळ्यांनी आसमंत थरारला, असं काहीसं वाक्य आलं आणि तुमचा अडकित्ता थांबला. "बंद कर," तुम्ही म्हणालात. मी तरी पुढचं वाक्य सुरू केलं. "बंद कर म्हटलं ना. तो बॉम्ब पडला नसता तर तू कुठे असतीस, ते विचार तुझ्या बाईंना." मग मला समोर बसवलंत. तुम्ही पलटणीत होतात आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांकडून पकडले गेलात, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढचं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंत. बोटीच्या तळात कोंडून तुम्हाला कुठल्याशा बेटावर नेलं, विमानांच्या धावपट्टीसाठी जंगल तोडायला लावलं. मूठभर भात, त्यात अळ्या. सुरुवातीला तुम्ही अळ्या वेचून टाकत होतात, पुढे टाकेनासे झालात. आपल्याच वाडीतला एक जण, ज्याच्या लग्नात तुम्ही वाढप केलं होतंत, तो तुमच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. शेवटी शेवटी तुमच्याकडून एक लांबलचक चर खणून घेतला. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आणि मग ऑगस्टच्या पंधरा तारखेला पहारेकरी रेडिओभोवती जमिनीवर बसून रडताना दिसले. "ते रडताना बघून आम्ही हसलो," तुम्ही म्हणालात. "आवाज न करता हसलो. बंदुका अजून त्यांच्याच हातात होत्या."

मी त्या स्पर्धेला गेले नाही. मला ताप आल्याचं बाईंना सांगितलं. त्यानंतर कितीतरी गोष्टींचा अर्थ मला लागत गेला. मामेभावाने मुंबईहून आणलेला ट्रान्झिस्टर तुम्ही उलटा करून बघितलात आणि जपानचा आहे म्हणून दारातूनच परत दिलात. पंधरा ऑगस्टला गावाबरोबर झेंडावंदनाला जायचात, पण घरी आल्यावर, एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे तुम्ही, चुलीपुढे बसून स्वतः भात शिजवायचात. मोठं पातेलं भरून. आम्हा चारी भावंडांना समोर बसवून तो नुसत्या मिठाबरोबर खायचात. "देशाचा दिवस नंतर ठरला, आमचा आधी ठरला होता," म्हणायचात. आई कोकम सार आणून ठेवायची, तुम्ही त्याला हात लावत नसायचात. मला वाटायचं, जगातला सगळ्यात बरोबर निर्णय कुठला असेल तर तो बॉम्ब टाकण्याचा.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. जावई कुवेतला तेलाच्या कारखान्यात आहे, एवढ्यावर तुम्ही खूश होतात. ते कुठल्या लोकांच्या हाताखाली काम करतात हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नवीन युनिटचं काम जपानी कंपनीकडे होतं आणि ह्यांचं टेबल त्या जपानी इंजिनिअरांच्या मधोमध होतं. आम्ही फहाहीलला बाजाराच्या मागे तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी उठून बघतो तर रस्त्यावर इराकचे रणगाडे. बँका बंद, विमानतळ बंद, फोन बंद. आम्हा भारतीयांना ते सहसा हात लावत नव्हते. पण अमेरिकन, इंग्रज, जपानी माणसं ते गोळा करत होते आणि जिथे जिथे बॉम्ब पडू नयेत असं त्यांना वाटत होतं तिथे नेऊन ठेवत होते. असल्या माणसाला घरात लपवणाऱ्याला फाशी, हेही जाहीर झालं होतं.

आणि एका दुपारी हे घरी आले ते एका जपान्याला घेऊनच. पन्नाशी उलटलेला, बारीक, अंगावर ह्यांचाच जुना शर्ट आणि डोक्यावर कामगारांसारखा गुंडाळलेला पंचा. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "कोण आहे हा?"

"साइटवरचे मोठे इंजिनिअर. बाकीचे सगळे शहरात त्यांच्या एंबसीत गेले. हे मागे राहिले आणि रस्ता बंद झाला."

"जपानी ना? माझ्या नानांना..."

"नानांना आता कोण सांगायला जातंय?" हे फटकन म्हणाले, मग नजर खाली घालून म्हणाले, "दोन-चार दिवस. काहीतरी सोय होईल."

"आणि नाही झाली तर? पोरीचं काय?"

पोरगी तेव्हा तीन वर्षांची. बाहेरच्या खोलीत ती त्या माणसाच्या गुडघ्याशी उभी राहून त्याचं तोंड न्याहाळत होती.

दोन-चार दिवसांचे कितीतरी दिवस झाले. आतली खोली सामानाची होती, तिला खिडकी नव्हती. तिथे बॅगांच्या आणि तांदळाच्या पोत्याच्या मध्ये सतरंजी टाकून तो राहिला. अनवाणी चालायचा, खोकला आला की उशीत तोंड खुपसायचा. आम्ही तिघं घरात कोंडलेले, तो घराच्या आतल्या घरात कोंडलेला, आणि मी त्याच्या ताटाशी कोंडलेली. मी त्याला पोटभर वाढत होते, नाना. पण बोलत नव्हते. ताट दारात ठेवायचं आणि वळायचं. तो ताटात एक शीत ठेवत नसे. बोटाने कडा निपटून घ्यायचा, अगदी तुम्ही निपटायचात तसं. दोन माणसांचं खाणं इतकं सारखं कसं असेल, याचा मला संताप यायचा. पोरगी मात्र दिवसभर त्याच्या खोलीत. तो तांदूळ निवडायचा आणि ती त्यातले खडे डबीत साठवायची.

आमच्या इमारतीखाली रत्नागिरीकडच्या एका भाईंचा बकाला होता, म्हणजे वाणसामानाचं दुकान. माल संपत चालला तरी ते आमच्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवत. एकदा तांदूळ देताना म्हणाले, "वहिनी, तिघांच्या घराला एवढा तांदूळ कसा लागतो, ते मी काय विचारत नाय." आणि खरंच त्यांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते रेडिओ ऐकायला वर यायचे, सोबत मजल्यावरचे आणखी एक-दोघे. एका संध्याकाळी बातम्या संपल्या आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "एवढी नाटकं कशाला? बगदादवर एक अणुबॉम्ब टाका, खेळ खलास. जपानवर नाही का, दोन टाकले आणि लढाई संपली! हिरोशिमा, नागासाकी, बस्स." कुणी हसलं, कुणी मान डोलावली. भाई म्हणाले, "बगदादेत पण वहिनीसारख्या बायका असतीलच की." ते गृहस्थ म्हणाले, "मग आपण काय इथेच मरायचं?" लहानपणापासून मला पाठ असलेलं वाक्य दुसऱ्या कुणीतरी माझ्या घरात बसून म्हटलं होतं आणि माझं सगळं लक्ष आतल्या दाराकडे होतं. ती दोन नावं कुठल्याही भाषेत कळतात.

सगळे गेल्यावर मी चहा घेऊन आत गेले. पहिल्यांदाच आत गेले. त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हिरोशिमा म्हणाले?" मी हो म्हटलं. मग त्याने सांगितलं. इथून पुढे मी त्यांना 'ते' म्हणणार आहे नाना, रागवू नका. ते त्याच गावचे. सात-आठ वर्षांचे असताना शाळेतल्या बाकीच्या लहान मुलांबरोबर त्यांना डोंगरापलीकडे एका देवळात राहायला पाठवलं होतं. आई गावात होती. मोठी बहीण शाळेच्या मुलींबरोबर रस्त्याकडेची घरं पाडायच्या कामावर होती. हवाई हल्ला झालाच तर आग पसरू नये म्हणून. त्या सकाळीही ती त्याच कामावर गेली होती. दोघींचंही काहीच सापडलं नाही. हे सगळं त्यांनी चहाच्या कपाकडे बघत, साइटवरची अडचण समजावून सांगावी तसं सांगितलं.

मला तिथून उठता आलं असतं. पण तुम्ही माझ्या पाठीशी उभे असल्यासारखं वाटत होतं आणि मी बोलून गेले. म्हटलं, "माझे वडील तुमच्या लोकांच्या कैदेत होते. त्यांच्याकडून त्यांचाच खड्डा खणून घेतला होता. ते म्हणायचे, बॉम्ब पडला म्हणून मी जगलो." त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "ते घरी पोचले?"

"हो."

"तुम्ही त्यानंतर जन्मलात?"

"आम्ही चौघंही त्यानंतरचीच."

सतरंजीच्या कडेला पोरगी झोपली होती. तिच्याकडे बघत ते सावकाश, शब्द शोधत म्हणाले, "आम्हाला शाळेत बांबूला टोक काढून भोसकायला शिकवत होते. सात वर्षांच्या मुलांना. बॉम्ब पडला नसता तर लढाई कशी संपली असती, मला माहीत नाही. पण चांगलं झालं, असं मी म्हणू शकत नाही. आणि तुम्ही जन्माला यायला नको होतं, असंही मी तुमच्या घरात बसून म्हणू शकत नाही." एवढं बोलून त्यांनी कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. नाना, त्यांच्या त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी तेव्हा जी सापडले ती अजून तिथेच आहे.

त्यानंतर काही दिवसांनी इराकी शिपाई आले. भर दुपार, हे बाहेर पाण्याच्या टाकीशी रांगेत. दोघं शिपाई वर चढले, त्यांच्या मागोमाग धापा टाकत भाई. शिपायांतला एक अगदी कोवळा, बुटांना नाड्यांच्या जागी दोऱ्या बांधलेल्या. त्याने टीव्हीकडे बघितलं, मग पाणी मागितलं. मी पेला भरून आणला. आणि पोरगी माझा पदर ओढून मोठ्याने म्हणाली, "आई, आतल्या काकांना पण पाणी दे ना!" शिपाई पिता पिता थांबला. काय म्हणते ही, असं त्याने अरबीत विचारलं. भाई हसले. खरोखरीचं वाटावं असं हसले, आणि अरबीत काहीतरी म्हणाले. शिपायाने पोरीच्या गालाला हात लावला, खिशातून खजूर काढून तिच्या हातावर ठेवला आणि टीव्ही उचलून दोघं खाली उतरले. "काय सांगितलंत?" मी विचारलं. "म्हटलं, बाबांना पण पाणी दे म्हणते, बाबा रांगेत उन्हात उभा हाय म्हणून." आतल्या दाराकडे न बघता भाई म्हणाले, "वहिनी, आता मात्र काहीतरी करा."

पण करायच्या आधीच एक दिवस हे गेले ते आलेच नाहीत. भारतीयांना बसने जॉर्डनला नेणार असं कळलं होतं, त्याची चौकशी करायला गेले होते. दुपार टळली, चार वाजले, पाच वाजले. नाक्यावर काही जणांना पकडून बसवलंय, असं भाईंनी येऊन सांगितलं. पोरीला भाईंच्या घरी पाठवून मी देवापुढे बसले आणि म्हटलं, पडू दे. पडू दे एकदाचा तो बॉम्ब. कुठे ते मी ठरवत नाही, ज्याला ठरवायचंय त्याने ठरवावं. कुणाच्याही गावावर पडू दे, पण हे संपू दे आणि माझा माणूस घरी येऊ दे. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत होते आणि भिंतीच्या पलीकडे ते बसले होते. त्या दिवशी तुम्ही मला कळलात नाना, हातात फावडं घेऊन त्या चरात उभे असलेले तुम्ही. आणि कळलात म्हणून मला तुमची भीतीही वाटली, माझीही वाटली.

अंधार पडायच्या आत हे आले. ओठ फुटलेला, घड्याळ काढून घेतलेलं. त्यांच्या तोंडाकडे जपानी काकांनी एकदा बघितलं आणि खोलीत जाऊन स्वतःची सतरंजी घडी करून ठेवली. ह्यांनी समजावलं, हात धरला. "तुमच्या बसमध्ये मला जागा नाही," ते म्हणाले. "मी इथे असेपर्यंत तुम्हालाही नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या गल्लीने लांब वळसा घालून, दुसऱ्याच बाजूने आल्यासारखे नाक्यावर गेले. हात थोडे बाजूला, तळवे उघडे. पडद्याच्या फटीतून आम्ही बघत होतो. त्यांना एका जीपमध्ये बसवलं आणि जीप निघून गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही बसमध्ये बसलो. बस बगदादवरूनच जात होती. रस्त्याकडेला प्रत्येक कारखान्याची चिमणी दिसली की मला वाटायचं, इथे असतील का. मग वाळवंटातले तंबू, मग विमान, मग मुंबई.

पुढच्या वर्षी इराकवर बॉम्ब पडायला सुरुवात झाली त्याच्या आधीच त्यांना सोडून दिलं होतं. ते आम्हाला खूप उशिरा, परत कुवेतला आल्यावर, कंपनीतल्या दुसऱ्या एका जपान्याकडून कळलं. इराकमधल्या कुठल्याशा कारखान्यात त्यांना ठेवलं होतं. ज्यांची आई आणि बहीण बॉम्बखाली गेली, त्यांना बॉम्ब पडू नये म्हणून तिथे बसवलं होतं. आता ते निवृत्त होऊन डोंगरापलीकडच्या, त्या देवळाच्या गावात राहतात म्हणे. पुन्हा आमची भेट झाली नाही.

आज दुपारी भोंगा वाजला तेव्हा त्या बंद खोलीत मी पोरीला हे सगळं सांगितलं. खडे साठवलेली डबी तिला आठवत नाही, खजूरही नाही. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "सो, नो बॉम्ब मीन्स नो यू, नो मी?"

"हो."

"अँड हिज सिस्टर?"

"ती असती. म्हातारी झाली असती आता."

"आई, हे मी प्रोजेक्टमध्ये कसं लिहू?" हे वाक्य ती मराठीत म्हणाली. तिच्या पुस्तकात त्या निर्णयाची कारणं दिली आहेत. अमेरिकेचे किती शिपाई वाचणार होते, रशिया काय करणार होता, जपान शरण येणारच होता की नव्हता. मी ती सगळी वाचली. त्यांत तुम्ही कुठेच नाही, नाना. टेबलाशी बसून ज्यांनी ते ठरवलं त्यांना त्या बेटावरचे तुम्ही माहीतही नव्हतात. तुम्ही जन्मभर ज्यांचे उपकार मानलेत, त्यांनी तुमच्यासाठी काही केलेलं नव्हतं. तुम्ही त्यांच्या निर्णयात सापडलात आणि वाचलात. ती घरं पाडणारी पोर सापडली आणि गेली. पोरीने शेवटी 'नो' लिहिलं. मला वाचून दाखवलं, मी चांगलं आहे म्हटलं. ते खरंच चांगलं होतं.

एक सांगायचं राहिलं. जायच्या सकाळी दारात उभं राहून जपानी काकांनी मला तुमचं नाव विचारलं. मी आडनावासकट, गावासकट सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, त्यांच्या तोंडात ते नीट बसेना. मग एक पाऊल मागे सरकून ते कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. समोर मी होते, पण तो नमस्कार मला नव्हता, हे मला कळत होतं. तुम्ही हयात असतात तर यातलं अक्षरही मी तुम्हाला सांगितलं नसतं. तुम्ही तोंड फिरवून निघून गेला असतात, हे मला माहीत आहे. पण त्या दारात तुम्ही नव्हतात, मी होते. आणि ते वाकलेले बघून मीही वाकले, नाना. तुमच्या वतीने. तुम्हाला न विचारता.